वहिनीची बोंब

फाल्गुन लागला की माझा उजवा तळहात आपोआप तोंडाशी जातो. सवयच ती. बाकी बायकांना या दिवसांत पापड-कुरडया आठवतात, मला एक उट्टं आठवतं. वय झालं, गुडघे गेले, यवतच्या शाळेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण डूख धरलेला आहे तो आहे. आणि तो सोडायचा माझा विचारही नाही.

सध्या मी कारेगावात मुलाच्या फ्लॅटवर आहे. खाली रस्त्यावर रांजणगावच्या कंपन्यांच्या बसेस माणसं भरतात नि उतरवतात. पार्किंगच्या एका कोपऱ्यात होळी रचलीय. गोवऱ्या दुकानातून आणलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या. मधोमध एरंड हवा तर तिथं कुठल्या तरी शोभेच्या झाडाची फांदी. तेवढं मी चालवून घेतलं. पण दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमनचा मेसेज आला, ‘होळीसमोर बोंबा मारू नयेत. कुणाचेही नाव घेऊन ओरडू नये. सण सुसंस्कृतपणे साजरा करावा.’ मी तो दोनदा वाचला आणि माझं डोकं फिरलं. उत्तर लिहायला घेतलं तर मुलानं मोबाइल हातातून काढून घेतला.

“आई, प्लीज. चेअरमनशी वाकडं नको. आपलं पार्किंग अजून मिळायचंय.”

त्याला काय ठाऊक, की हेच वाक्य मी पूर्वी ऐकलंय. तेव्हा पार्किंगच्या जागी पाटाचं पाणी होतं, एवढाच फरक.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. पलीकडचा काठ दौंडचा. फाल्गुनात नदी आटायची, पात्रातले खडक उघडे पडायचे, आणि सकाळच्या गाडीची शिट्टी दौंडच्या अंगानं स्पष्ट ऐकू यायची. गहू पिवळा झालेला, कांदा पोसायला लागलेला, खळ्यावर भुशाचा वास. बांधावरचा पळस एकटाच लाल. आमच्या मळ्यात झेंडू असायचा, बारा महिने. माझा थोरला भाऊ, दादा, घरात शिरला की त्याच्या अंगालाही झेंडूचाच उग्र वास यायचा. नवी वहिनी त्या वासानं नाक मुरडायची आणि त्याच्याच मागं मागं फिरायची.

वहिनीचं नाव शांता. ज्या वर्षीचं हे उट्टं, त्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली तेव्हा दोन-दोन दिवस तिचा आवाज ऐकू यायचा नाही. नाव अगदी शोभून दिसतं, असं आबा, म्हणजे माझे वडील, कौतुकानं सांगायचे. मी तेव्हा डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसलेली. आम्ही दोघी कांद्याच्या वाफ्यात बसून खुरपायचो आणि मी एकटीच बोलायचे.

दसऱ्याआधी दादा झेंडूची पोती घेऊन शिरूरच्या बाजाराला गेला. पोती विकली गेली, दादा परत आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत. ओसरीवर बसला आणि कुणाकडेही बघेना. बाजाराच्या तोंडाशी जीप लावली होती, धरून धरून माणसं भरली, दवाखान्यात नेऊन नसबंदी केली. “माझं आत्ताच लगीन झालंय, पोर न्हाई मला,” हे तो प्रत्येकाला सांगत होता म्हणे. प्रत्येकजण म्हणत होता, पुढं सांगा. पुढचा म्हणत होता, सायेब जेवायला गेलेत.

आणीबाणीचे दिवस होते ते. वरून माणसं मागितली जात होती आणि खालचे लोक ती पुरवत होते. आमच्या भागात पुरवणारा होता आमच्याच गावचा सभापती. पंचायत समितीचा. त्याच्या शब्दाशिवाय गावात पाटाच्या पाण्याची पाळी हलत नसे. जीपमध्ये पुढच्या सीटवर त्याचाच माणूस बसलेला दादानं बघितला होता. स्वतःच्या भावकीतला एकही गडी त्यानं दिला नाही. दिले ते झेंडू विकणारे, मजुरीवाले, वस्तीवरचे.

आबा त्याच्याकडे जाब विचारायला गेले. मीही गेले होते, दारातच उभी राहिले. तो झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता.

“देशाचं काम हाय, आबा,” तो म्हणाला. “जास्त बोलू नका. येरवड्यात लई जागा हाय.”

आबांनी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली. परतताना वाटेत भिकाजीमामांचं घर लागलं. भिकाजीमामा बौद्ध वस्तीतले, दौंडच्या मालधक्क्यावर ठेकेदाराकडे कामाला, आबांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या ओट्यावर आबा टेकले आणि म्हणाले, “कोर्टात जातो.” मामांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग म्हणाले, “जाऊन कुणाला इचारशील? माणूस का धरला, ह्ये इचारायचीच सोय काढून घेतलीया सध्या. समदं लिवलेलं हाय पुस्तकात, आमच्या बापानं लिवलंय. पण पुस्तकाला कुलूप घातलंय आबा.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मला त्या ओट्यावर कळलं. पुढं मी तीसेक वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं. मतदानाचा हक्क, बोलण्याचा हक्क, कायद्यापुढं सगळे सारखे, कारण सांगितल्याशिवाय कुणाला धरता येत नाही, वगैरे वगैरे. पोरं ते पाढ्यांसारखं म्हणून दाखवायची आणि परीक्षेनंतर विसरायची. मी कधी रागावले नाही. हवा आहे तोवर श्वासाचा धडा कोण पाठ करतं? आम्ही मात्र नाक दाबल्यावर शिकलो.

घर मुकं झालं. वहिनी तर आधीच शांत, ती आता दगड झाली. तिच्या माहेरचे न्यायला आले. दुसरं लग्न लावून देऊ, पोरीचं वय काय आहे, असं म्हणाले. दादा आतल्या खोलीत ऐकत होता. वहिनी म्हणाली, “त्यांनी काय केलंय म्हणून सोडू?” एवढंच. त्यानंतर ती रोज पहाटे मळ्यात जायची आणि झेंडू खुडायची. फुलं खुडताना तिची बोटं बघितली की मला भीती वाटायची.

मग निवडणूक लागली. दिल्लीच्या लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण लागली. शिमगा आधी, मतदान त्याच्या मागोमाग. आणि सभापती एका रात्रीत गोड झाला. तो स्वतः उमेदवार नव्हता, पण वरच्यांसाठी मतं गोळा करून द्यायची जबाबदारी त्याची. ज्या ओसरीवर दादा भिंत धरून बसला होता, तिथंच हात जोडून आला. “आबा, झालं गेलं इसरा. गाव एक हाय, मत एक पडाय पायजे.” आबा म्हणाले, बघू. तो गेल्यावर आईनं त्याचा चहाचा कप राखेनं घासला आणि गोठ्यात ठेवून दिला.

आमच्याकडे शिमग्याचा एक कायदा आहे. होळी पेटली की कुणीही कुणाच्या नावानं बोंब मारावी, आणि ज्याच्या नावानं मारली त्यानं राग धरू नये. धरला तर तो गावातून उठला. मानाचा नारळ ज्याचा, त्यानं तर होळीजवळच उभं राहायचं, सगळं ऐकायचं, आणि हसायचं. पाटील असो नाही तर सावकार असो. वर्षभराचं साचलेलं गावानं त्या एका संध्याकाळी ओकायचं. ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण ज्यानं घातली त्याला राज्य कसं चालवायचं ते कळत होतं, असं मला वाटतं. आदल्या वर्षी पोलीसपाटलानं दवंडी दिली होती की बोंबा मारायच्या नाहीत. मुकी होळी जळाली होती. लोक नैवेद्य टाकून परत गेले होते, मयतीहून परतल्यागत.

या वर्षी दवंडी नव्हती. निवडणुकीत कशी देणार?

वेशीबाहेरच्या माळावर होळी रचली. दिवस बुडता बुडता पेटवली. उसाचं पाचट तडतडायला लागलं, पोळीच्या तुपाचा वास, नारळ भाजल्याचा वास. सभापती पांढऱ्या टोपीत मानाचा नारळ घेऊन उभा. गडीमाणसांनी सुरुवात केली. कुणी तलाठ्याच्या नावानं बोंब मारली, कुणी पावसाच्या, कुणी स्वतःच्या बैलाच्या. सभापतीच्या नावाशी आलं की आवाज आपोआप वळसा घालून पुढं जायचा. बायका मागं नैवेद्याची ताटं धरून उभ्या. आमच्यात बायका बोंब मारत नाहीत.

वहिनीनं ताट माझ्या हातात दिलं. पदर डोक्यावरून नीट घेतला, गड्यांच्या मधून वाट काढत गेली आणि होळीच्या पुढ्यात, सभापतीच्या समोर उभी राहिली. मला वाटलं, ही आता आगीत उडी घेते. माझ्या हातातलं ताट वाकडं होऊन पोळी मातीत पडली.

“सभापती,” ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण पाचट सोडून सगळं गप्प झालं होतं. “माझ्या मालकाला कंच्या कायद्यानं न्हेलं?”

आणि तळहात तोंडाला लावून तिनं बोंब मारली. अशी बोंब मी त्याआधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. सहा महिने गिळलेलं सगळं त्यात होतं. दादा गर्दीच्या कडेला उभा होता, तो मटकन खाली बसला. मग आबांचा हात तोंडाशी गेला. मग शेजारच्या तुकाचा, त्यालाही त्या जीपनं नेलं होतं. मग एकेक करत सगळा माळ. दूर बांधावर भिकाजीमामा उभे होते. त्यांच्या वस्तीनं धर्म बदलल्यापासून होळी सोडलेली. ते पुढं आले नाहीत, पण टोपी काढून उभे राहिले.

आणि सभापती हसत होता. हसावं लागत होतं त्याला, कायदाच तसा. नारळ हातात, ओठ ताणलेले, होळीच्या उजेडात कपाळाला घाम. ते हसू मी अजून पुरवून पुरवून वापरते. मन उदास झालं की काढते, बघते, परत ठेवते.

शिमगा सरला तरी कवित्व उरतं म्हणतात. दुसऱ्याच दिवशी धुळवडीची राख अंगावर असतानाच त्याचा माणूस आला. म्हणाला, “मतदानाला घरच्या बायकांनी बाहेर पडायचं काम न्हाई. पडल्या, तर पाटाच्या पाळीचं आमाला सांगू नका.” कांदा ऐन पोसायला आला होता. एक पाळी चुकली तर निम्मा वाळणार, हे सांगायला नको होतं. आबा म्हणाले, “पोरींनो, तुमीच ठरवा.” वहिनी म्हणाली, “कांदा परत लावता येतो, मामंजी.”

मतदान शाळेत होतं. मला नुकतंच एकविसावं सरलं होतं, तेव्हा मत एकविशीलाच मिळायचं. माझं पहिलंच मत. विरोधी उमेदवाराच्या वतीनं टेबलापाशी बसायला गावातला एकही माणूस तयार नव्हता, म्हणून भिकाजीमामा कामावर खाडा करून बसले होते. सभापतीचा माणूस पुठ्ठ्याच्या आडोशालगत घुटमळत होता, आपल्याला सगळं दिसतंय हे लोकांना कळावं म्हणून. बायाबापड्यांना खरंच वाटायचं, की पेटीत काय पडलं ते याला समजतं. वहिनी आडोशापाशी गेली आणि थांबली.

“आडोसा कुणासाठी लावलाय?” तिनं मामांना विचारलं.

“तुझ्यासाठी, पोरी.”

“मंग ह्येला भायेर काडा.”

मामांनी केंद्रावरच्या साहेबाकडे बघितलं. साहेब चुळबुळला, पण सगळी रांग बघत होती. माणूस बाहेर गेला. वहिनी आत गेली ती येईचना. रांग ओरडायला लागली तेव्हा आली. रस्त्यात मी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस. “ठशावर फुंकर घालत व्हते,” ती म्हणाली. “वला ठसा घडी घातल्यावर दुसऱ्या चित्राला लागला, तर माझं मत बाद करत्याल. त्यांना काय, निमित्तच पायजे.” मी शिकलेली, पण माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. घाईघाईत घडी घालून टाकून मोकळी झाले होते. आपलं मत बाद झालं असेल का, ही रुखरुख मला कितीतरी वर्षं होती.

रेडिओवर दिल्ली पडल्याचं ऐकलं तेव्हा आबांनी गूळ वाटला. मला आनंद झाला तो शुद्ध नव्हता, त्यात विखार होता, आणि तो लपवावा असं मला वाटलं नाही. पाण्याची पाळी चुकलीच. निम्मा कांदा जागेवर वाळला. त्याचा वास घराला कितीतरी दिवस होता. पण सभापती झोपाळ्यावर बसलेलाच होता. दिल्ली पडली म्हणून हा पडतोच असं थोडंच असतं?

त्याची पाळी आली ती दोन-अडीच वर्षांनी, पंचायत समितीच्या निवडणुकीत. तोवर गाव धीट झालं होतं. त्यानं चावडीपुढं सभा ठेवली, तर पोरांनी ठरवलं, याला बोलूच द्यायचं नाही. याच्याच औषधाचा डोस याला पाजायचा. कर्ण्याची वायर कुणीतरी तोडली. पोरांच्या खिशात दगड होते आणि माझ्या मुठीतही होता, छान गोल, नदीतला. आजही वाटतं, मारायला हवा होता.

वहिनी पुढं आली आणि पोरांना म्हणाली, “वायर जोडा.”

“वहिनी, तुमीच?” तुका म्हणाला. “तुमच्यापायीच तर चाललंय समदं.”

“म्हनूनच सांगते. बोलू द्या त्याला. पोटभर बोलू द्या. मंग पाडा. आसं पाडा, की मला बोलू दिलं न्हाई म्हनून पडलो, ह्ये म्हनायलाबी त्याला जागा ऱ्हायली न्हाई पायजे.”

वायर जोडली. ती अगदी समोर जाऊन बसली, मांडी घालून, पदर डोक्यावर. तो बोलायला लागला. रस्ते, शाळा, पाट. बोलता बोलता नजर तिच्यावर यायची आणि वाक्य तुटायचं. शेवटी त्यानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. ती उभी राहिली. तिनं तोच प्रश्न विचारला, कंच्या कायद्यानं. कर्णा गावभर होता. त्यानं पाणी मागितलं, पाणी प्यायला, टोपी सारखी केली. उत्तर आलं नाही. मतदानात पडला, अनामत गेली.

त्यानंतरची प्रत्येक निवडणूक मला तो रांगेत उभा राहिल्यामुळे आठवते. पूर्वी जीप थेट शाळेच्या पायरीला लागायची. आता गड्यांच्या रांगेत तो उभा आणि शेजारी बायांच्या रांगेत वहिनी. ऊन दोघांनाही सारखंच. एकदा मी तिला हळूच विचारलं, “वहिनी, सूड पुरा झाला ना?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “मला मूल झालं का, वन्सं?”

रांग एक पाऊल पुढं सरकली.

“मंग पुरा कसा व्हईल?” ती म्हणाली. “पर त्याचं मत आता माझ्याएवढंच. यक त्याचं, यक माझं. त्ये त्याला मरंस्तवर खुपंल, बास.”

तो मेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. भिकाजीमामा गेले, आबा गेले, परवा परवा दादाही गेला. वहिनी गावी एकटीच असते, झेंडू लावते. दर होळीला संध्याकाळी तिचा फोन येतो. आत्ताही आला. मुलगा मोबाइल देईना, स्पीकरवर लावून स्वतःच्याच हातात धरून बसला. पलीकडे पाचट तडतडत होतं. मग ती बोंब आली, सत्तरी उलटलेल्या गळ्यातून, तेच नाव घेऊन. मुलानं दचकून फोन लांब धरला.

“मामी, अगं तो माणूस मरून किती वर्षं झाली. मेलेल्याच्या नावानं कसली बोंब?”

“त्यो मेला रं,” वहिनी म्हणाली. “पर उत्तर कुठं दिऊन गेला?”

मी मग फोनवर वाकून तिला चेअरमनचा मेसेज सांगितला. बोंबा मारू नयेत, नाव घेऊ नये, सगळं. पार्किंगचंही सांगितलं. होळीचा आवाज तेवढा येत होता.

“वन्सं,” ती म्हणाली, “त्या चेअरमनचं नाव काय म्हनलात?”

मुलगा फोन बंद करायला धडपडला. त्याआधी मी नाव सांगून टाकलं आणि चपला घालून खाली निघाले.